टेकडीत मुरलेलं पाणी

४ सप्टेंबर
आले बाई एकदाची! टेकडीवरचं क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, कोरडी ठणठणीत फरशी, आणि खिडकीतून खाली नदीकाठची वसाहत दिसते. तिथे दादाचं घर. काम माझ्या आवडीचं: पाऊस किती पडला तर नदीला किती पाणी येईल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. सगळं खोरं चौकोनांत कापलेलं. प्रत्येक चौकोनातलं पाणी वाहिलं, मुरलं की त्याची वाफ झाली, याचा ताळा जुळायलाच हवा. साहेब गोड बोलतात. जरा जास्तच गोड.

७ सप्टेंबर
येत्या पावसाचा अंदाज घालून मॉडेल चालवलं. दादाची वसाहत छपरापर्यंत बुडते! पुन्हा पुन्हा तपासलं, तेच. साहेब म्हणाले, हा आकडा गेला तर वसाहत रिकामी करावी लागेल, मग वरच्यांना उत्तरं कोण देणार? जास्तीचं पाणी टेकडीच्या चौकोनात मुरलं म्हणून दाखव. नकाशात तिथे वस्ती नाही. मी म्हटलं, कातळात पाणी मुरतं होय? माझ्याने हे होणार नाही. ते नुसते हसले. मी डबा खायला गेले तेवढ्यात माझ्याच लॉगिनने आकडा फिरवून मोकळे झाले. नाव माझं! संतापाने अक्षर वाकडं येतंय.

८ सप्टेंबर
दादाला फोन केला. तो म्हणे, आभाळ स्वच्छ आहे, तू उगाच पराचा कावळा करतेस. असं झापलं त्याला, की संध्याकाळी वहिनीला आणि लेकीला, चिमणीला, घेऊन निमूट वर आला. चिमणी माझ्या पलंगावर उड्या मारतेय. पोरगी सुखरूप आहे, आता साहेबांना बघून घेते.

१० सप्टेंबर
स्वयंपाकघराची फरशी ओली. वहिनीला वाटलं चिमणीने सांडलं. बिचारीला फुकटचा धपाटा बसला. पुसलं की पुन्हा येतं. नळ बंद आहे. पाऊस अजून पडलेला नाही. पाण्याला नदीच्या गाळाचा वास येतो.

११ सप्टेंबर
भिंतीला कान लावला की आत पाणी वाहतं. प्लंबरने खणून पाहिलं, खाली पाइपच नाही म्हणाला, आणि अवजारं उचलून पळाला.

ऑफिसात नकाशा मोठा करून बघितला. वस्ती नसलेला तो चौकोन आमचाच. नकाशा जुना, क्वार्टर्स नंतरची. आकडा परत फिरवायला गेले, तर मेल्याने माझा पासवर्ड बदललाय! केबिनमध्ये जाऊन तोंडाला येईल ते बोलले. रजा घे म्हणाला.

दादा म्हणतो सकाळी निघू.

१२ सप्टेंबर
पाऊस सुरू. दार उघडत नाही, फुगलंय. दादा खांद्याने धडका मारतोय. खिडकीला गज. पाणी गुडघ्यापर्यंत —

खाली वसाहत दिसते. अंगणं कोरडी. इतका पाऊस, आणि कोरडी —

पुन्हा
साहेबाचा फोन. अभिनंदन करतोय! वसाहतीत पाणी नाही, तुझं मॉडेल बरोबर निघालं म्हणे. मी ओरडले, आधी तिथली माणसं हलवा, मग आकडा परत फिरवा, आम्ही इथे बुडतोय — म्हणाला, आता कशाला, ताळा जुळलाय. आग लागो त्याच्या —

चिमणी कपाटावर. वहिनी तिचे पाय धरून — दादाचा आवाज येत नाही —

छपरापर्यंत, असाच आकडा होता. मीच काढलेला. आता छताला माझा हात —