फळ्यावरचं 'वगैरे'

॥ श्री ॥

जयनगर, बेंगळूर
मंगळवार, ३१ जानेवारी १९६१

चि. वसुमतीस,

मामा-मामीचे आशीर्वाद पोचावेत. आम्ही दोघं खुशाल आहोत. आपल्या गल्लीत अखेर नळ आला. पाणी यायचं तेवढं राहिलंय. तुझ्या मामीनं नळाला हळदकुंकू लावून ठेवलंय, म्हणजे लाजेखातर तरी तो वाहील. अक्काच्या खोकल्याला सुंठीचा काढा देत जा, आणि ती नको म्हणाली की माझं नाव सांग. धाकट्या भावाचं ती एवढं तरी ऐकते.

परवा आनेकलला आलो तेव्हा तुझ्याशी निवांत बोलणं झालं नाही. बसची वेळ झाली होती. कॉफी मात्र फक्कड केली होतीस. भाऊजींशी बोललो वगैरे. त्यांचा राग स्वल्प उतरलासा वाटला. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष अर्ध्यात टाकून मुलीला घरी बसवणं बरं नव्हे, हे तुझ्या वडिलांना काय कळत नाही? वळतील हळूहळू.

व्याख्यानाचं म्हणशील, तर तू ते फार मनाला लावून घेतलंस. असं बघ, माझ्यासारख्या मॅट्रिक नापास माणसाला आपल्या मराठी मंडळींच्या हॉलात गणितावर बोलायला बोलावलं, तेही नंदकिशोरसारख्या पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं. पुढच्या रांगेत सगळे कारखान्यातले साहेब. झोपाळ्याचं गणित मी छान रंगवत आणलं होतं. लहान झोक्याचं समीकरण साधं. मोठा झोका घेतला की ते वाकडं होतं, आणि नेमकं उत्तर सरळ सूत्रात हाती लागत नाही. मग आधी साधं उत्तर धरायचं, त्यात एक लहानशी दुरुस्ती, त्या दुरुस्तीत आणखी लहान दुरुस्ती, चाखत चाखत सारू जमवावं तसं. लोक माना डोलावत होते. मी दुरुस्तीचा पहिला तुकडा मांडून पुढे 'वगैरे' लिहिलं आणि खडू ठेवला, तर तू उभी!

"मामा, त्या 'वगैरे'त काय आहे? पुढचं पद मांडा ना."

तेव्हा मला ते पद सुचलंच नव्हतं बघ. आणि भरल्या सभेत माणूस वाहवतो. मी जे बोललो ते गमतीत. तूही तशी चारचौघांत उभी राहायला नको होतीस, घरी विचारलं असतंस तर बसून सोडवलं असतं. असो. झालं गेलं बेंगळूरच्या तळ्याला मिळालं.

तुझ्या खोलीतली खाट तशीच आहे. मामी रोज चादर झटकते.

तुझा मामा,
हयवदन

*

॥ श्री ॥

जयनगर, बेंगळूर
सोमवार, २० फेब्रुवारी १९६१

चि. वसू,

तुझं कार्ड पोचलं. तीनच ओळी: "आईचा खोकला कमी आहे. झोपाळ्याच्या एका फेरीचा वेळ थोडा लांबवून पाहा, ते पद आपोआप जाईल. कॉलेजचं नाव काढू नका."

मी ते कार्ड देवाजवळ ठेवलं आणि दोन दिवस देवाकडे बघितलं नाही.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं की ते पद मला सुचलंच नव्हतं. खोटं लिहिलं. व्याख्यानाच्या आधीच्या गुरुवारी मी ते पद काढलं होतं. पाटीवर, ओसरीत बसून. त्या पदात काळ स्वतःच गुणक होऊन बसलेला. पहिल्या काही झोक्यांना ते जाणवतही नाही, पण फेरीगणिक फुगत जातं, आणि शेवटी कागदावरचा झोपाळा कुणी न ढकलता आढ्याला जाऊन आपटतो. मी ते बघितलं, मनात म्हटलं, 'हयवदना, कुठंतरी घोटाळा आहे', आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसली. तू एवढीशी होतीस तेव्हापासून मी तुला एकच शिकवलं, ताळा घेतल्याशिवाय उत्तर तोंडातून काढायचं नाही. तू तेच केलंस. भर सभेत माझ्या उत्तराचा ताळा मागितलास.

आणि मी काय म्हणालो, ते मला लिहायलाच हवं. गमतीत म्हणालो, म्हणून सुटायचं नाही.

मी म्हणालो, "घरात दूध उतू गेलेलं आमच्या वसूला दिसत नाही, फळ्यावर काय सांडलंय ते बरं दिसतं!" हशा पिकला. तिथं तरी थांबावं! पण हशा म्हणजे चुलीतला जाळ, आणखी एक काटकी घालावीशी वाटतेच. दुसऱ्या रांगेत बसलेल्या तुझ्या वडिलांकडे वळून म्हणालो, "भाऊजी, हिला स्थळ बघा लवकर, नाहीतर नवऱ्याच्या ताटात पुढचं पद वाढेल!" साहेब लोक मांड्या थोपटत हसले. तू खाली बसलीस. मी चोरून तुझ्याकडे बघितलं. तू फळ्याकडेच बघत होतीस गं. त्या 'वगैरे'कडे.

का केलं असं? आमची मराठी ऐकून ही पुण्याकडची माणसं आयुष्यभर हसत आली. आम्ही 'स्वल्प थांबा' म्हटलं की हसतात, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हटलं की हसतात. त्या दिवशी प्रथमच ती माझ्या बरोबरीनं हसत होती. त्या हशासाठी मी तुला विकलं. यापेक्षा चांगलं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी तुला घेऊन गेले. त्यांना हवं होतं ते निमित्त मी आयतं हातात दिलं, ताटात वाढून, तूप घालून.

आता आनेकलचं. "भाऊजींशी बोललो वगैरे" असं लिहिलं होतं ना? तू त्या 'वगैरे'तही काय आहे ते विचारलं नाहीस, कारण तू कॉफीचा पेला घेऊन दारातच उभी होतीस. तुला ठाऊक आहे. तरी माझ्या हातानं मांडतो.

मी म्हटलं, "भाऊजी, मुलीचं वर्ष..."

ते म्हणाले, "अहो हयवदनराव, तुम्हीच तर सांगितलंत, स्थळ बघा म्हणून! भरल्या सभेत सांगितलंत. मी आपला मेव्हण्याचा शब्द पाळतोय. आता धारवाडकडचं एक स्थळ आलंय."

आणि मी हसलो. वसू, मी हसलो! तुझ्या हातून पेला घेतला, "छान छान" म्हणालो आणि कॉफी प्यायलो. सभेत निदान लोकांची नशा होती. आनेकलच्या ओसरीवर कोण होतं? भाऊजी, अक्का आणि तू. बसमध्ये बसल्यावर मला आठवलं की धारवाडकडच्या मुलाचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

तुझं कार्ड आल्यावर मी पाटी पुन्हा घेतली. मग तुझ्या मामीला झोपाळ्यावर बसवलं.

"पन्नाशीला आलेल्या बाईला झोके घ्यायला लावता? गल्ली बघेल!"

"बघू दे. घट्ट धर. आधी लहान."

मी खिशातलं घड्याळ धरून बसलो. लहान झोके, मग मोठे. मोठ्या झोक्याला खरंच जास्त वेळ लागतो, कड्या कुरकुरतात तशी तीही कुरकुरत होती. मग मी आकडे जुळवले आणि सगळं लख्ख दिसलं. झोपाळा बिचारा आपल्या चालीनं चालला होता. मी त्याला लहान झोक्याच्या ठोक्यानं मोजत होतो. दर फेरीला तो माझ्या ठोक्याच्या किंचित मागे पडायचा, ते मागे पडणं साठत जायचं, आणि मी म्हणायचो झोपाळाच बिघडला. ठोका थोडा लांबवला, तर ते फुगणारं पद नाहीसं झालं. तुझ्या कार्डाच्या एका ओळीत हे सगळं मावलं होतं.

मी आनंदानं ओरडलो, "कमला, वसूचं बरोबर आहे!"

ती झोपाळ्यावरून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "झोपाळ्याला विचारून आलात. आता पोरीला विचारून या." आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी माझ्या ताटात सारू अळणी होतं. मी मीठ मागितलं नाही.

काल, रविवारी, माझं दुसरं व्याख्यान होतं. पाटीवर पुसलेलं पद मी फळ्यावर मोठ्या अक्षरात मांडलं, आणि झोपाळा आढ्याला कसा लागतो, कौलं फोडून कसा बाहेर जातो, तेही चित्र काढून दाखवलं. लोक हसले. मी म्हटलं, "हसा. मागच्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर हसलात, आज माझ्यावर हसा. हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या भाचीनं, वसुमतीनं, विचारलं, आणि मी तिचं तोंड बंद केलं. ही दुरुस्तीही तिचीच आहे." मग तुझी रीत मांडली. नंतर कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा जड गेलं.

नंदकिशोर बाहेर येऊन म्हणाला, "काका, सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणाच्या लक्षातही नव्हतं."

"चाललं नसतं रे," मी म्हटलं. "माझं ते बोलणं घर मोडून बाहेर गेलंय."

पण वसू, हे सांगून मी हलका झालो असं समजू नकोस. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते भाऊजी हॉलात नव्हते. अक्काचा निरोप आलाय की धारवाडची मंडळी येत्या गुरुवारी तुला बघायला येणार, आणि मामा म्हणून मी ओसरीवर असलंच पाहिजे. येतो. सकाळच्या बसनं येतो. आणि पाहुण्यांसमोर, भाऊजींसमोर, सभेत झालं ते सगळं सांगणार आहे. हिला स्थळ बघा हे शब्द माझे होते आणि ते भेकडपणाचे होते. मेव्हण्याचा शब्द पाळायचा असेल तर आता हा पाळा, हिला परीक्षेला बसू द्या. पाहुणे उठून गेले तर भाऊजी मला ओसरीवरून उतरवतील. उतरवू देत. अक्का जन्मभर बोलणार नाही कदाचित. ते मला सहन होईल की नाही ठाऊक नाही, पण कॉफी पिऊन परत येणं मला पुन्हा जमणार नाही.

एक मात्र तुझ्या हाती ठेवतो. मागच्या वेळी मी तुझ्या वतीनं तुला न विचारता बोललो, आणि काय झालं ते आपण बघतोच आहोत. या वेळी तुला विचारून. ते स्थळ तुला मनापासून हवं असेल, तर पेला देताना तो माझ्या डाव्या हाताशी ठेव, मी गप्प बसेन आणि ते गप्प बसणं तुझं असेल, माझं नव्हे. नको असेल तर उजव्या हाताशी ठेव. पेल्याला मी तोंड लावणार नाही, आधी बोलेन.

लग्नात मामानं भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत न्यायचं असतं. तो मान मला कधी मिळेल न मिळेल. पण आनेकलच्या बसथांब्यापर्यंत, पुस्तकांची पेटी एका हातात आणि तू शेजारी, एवढं मिळालं तर माझ्या आयुष्याचं पुष्कळ झालं.

शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. या वेळी हात धजत नाही. देणारा मोठा असावा लागतो. सवयीनं खाली 'तुझा मामा' लिहून गेलो होतो, ते खोडलंय. खाडाखोड दिसेल, दिसू दे, पाटी पुसायची सवय मोडायचीय मला. तो शब्द गुरुवारनंतर तू म्हणालीस तर पुन्हा लिहीन.

हयवदन