पलीकडचा बर्ड फीडर

५ मे २०१८

ऊन! कडक ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि घरामागच्या ओढ्याचं, क्रीकचं, पाणी चहासारखं तपकिरी. डोंगरावर यंदा बर्फ मरणाचं साठलंय, ते सगळं आता वितळून खाली येणार. अग्निशमन दलाची, फायर हॉलची शॅनन येऊन गेली. म्हणाली, क्रीकवरचा तुमचा लाकडी पूल काढायला हवा. ओंडके त्याला अडकले की पाणी थेट तुझ्या बेसमेंटमध्ये! म्हटलं, आजच काढा. पण पुलाचं दुसरं टोक चारुदत्तभावजींच्या जागेत. दिलीपचे थोरले भाऊ. ते नाही म्हणाले. अर्थात!

६ मे

भावजी पलीकडच्या काठावरून शॅननला सांगत होते, मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने — "थर्टी इयर्स इन इरिगेशन! नो रेन, नो फ्लड!"

डोंबल तुमचं इरिगेशन! इथे पूर उन्हाने येतो. नोकरी संपवून भावाशेजारी राहायला आले, इथले दहा हिवाळे काढले, तरी डोक्यात अजून आपला नाशिकचा पावसाळाच. आणि त्यांचं काय जातंय? त्यांचा काठ उंच. बुडणार मी.

शॅनन म्हणे, ते सारखं एकच विचारतात — पूल काढला तर ती कशी येणार? ती म्हणजे मी. टोमणा! रस्त्याने गाडी पाच मिनिटांत जाते. पण मेले तरी जाणार नाही.

७ मे

दिवसभर वाळूच्या गोण्या. गुरुद्वाऱ्यातली पोरं मदतीला आली. "आंटीजी, आप बैठिये." बसते कसली! घर माझं बुडतंय.

पलीकडे भावजी खुर्ची टाकून निवांत. डोक्यावर झाडाला त्यांचा तो बर्ड फीडर. स्टीलचा डबा, तोही झाकण लावलेला! पाखरांनी काय झाकण उघडून खायचं? दोन वर्षं बघतेय, एक दाणा टाकलेला नाही. चिंगूस माणूस.

जाईचा मार्कहॅमहून फोन. "आई, जस्ट टॉक टू हिम!" काय बोलू? दिलीप गेला तेव्हा मी हिला आणायला एअरपोर्टवर गेले, तेवढ्यात ह्यांनी तिच्या बाबाच्या अस्थी पुलावरून क्रीकमध्ये सोडल्या. मी परत आले तर पेटी रिकामी. "तिसरा दिवस होता, विसर्जन केलं." मला न विचारता! दिलीप नाशिकचा. त्याला गोदावरी हवी होती, मी त्याला शब्द दिला होता. त्या दिवशी भावजींना सांगितलं, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नका. पुढे काही बोलायला लागले तर दार लावून घेतलं. बरं केलं!

८ मे

एक ओंडका अडकला. त्यावर दुसरा. बघता बघता पुलाला बांधच झाला आणि पाणी गोण्यांवरून अंगणात. मग कोणी कोणाला विचारत बसलं नाही, एक्स्कव्हेटर आणला. दिलीपने स्वतः रंधा मारलेल्या फळ्या काडकाड मोडल्या. वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं.

बेसमेंटमध्ये गुडघाभर चिखल. कार्पेट गेलं, घर गरम ठेवणारा फर्नेस गेला, दिलीपची सगळी पुस्तकं गेली. एका माणसाच्या हट्टापायी! शिव्या देऊन घसा बसला.

९ मे

म्हातारा खुळा झालाय! त्यांचा काठ खचला, ते झाड क्रीकवर आडवं झुकलं आणि हे कमरेएवढ्या पाण्यात शिरले. त्या डब्यासाठी! मी इकडून किंचाळले — अहो भावजी, सोडा तो डबा! मागे फिरा! दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. शॅननच्या माणसांनी दोरी टाकून ओढून काढलं. चिखलात बसले होते, डबा पोटाशी धरून, थडथड कापत.

मेले असते म्हणजे? राग आलाय, दुसरं काही नाही.

१० मे

भावजी आले. रस्त्याने, गाडीने. बेल वाजवून पायरीच्या खालीच उभे राहिले. मी आत या म्हणायच्या आधी डबा पोर्चच्या हुकला टांगला.

"अस्थी घरात ठेवत नाहीत पद्मजा, म्हणून झाडाला बांधल्या होत्या. अर्ध्याच सोडल्या मी. ह्या तुझ्या. गोदावरीसाठी."

"दोन वर्षं सांगितलं का नाही?"

"दारात येऊ नका म्हणालीस. म्हटलं, राग निवला की तूच येशील. पूल होता."

जाईला फोन केला. नाशिकची दोन तिकिटं बघ म्हटलं.