बिनखडूचं थान

सोमवार, १७ नोव्हेंबर १९८६

अकराशे बेचाळीस तक्रारी! मोजायला मी नाही बसले, खाली आकडा त्यानेच छापला. तो म्हणजे ऑफिसात नवीन आलेला चेकर – माणूस नव्हे, एक प्रोग्राम. आमचा प्रोग्राम चालवून बघायचा नाही, नुसता वाचायचा आणि नावं ठेवायची – एवढंच त्याचं काम. आमच्या लिफ्टचा प्रोग्राम चार कामं एकाच वेळी करतो – बटणं, दरवाजा, मोटर, मजल्याचे दिवे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मधेच खोडलं की घोळ. ते घोळ हा शोधतो. नसलेलेही शोधतो.

कुठल्या तक्रारी चालू ठेवायच्या, कुठल्या बंद करायच्या, हे ठरवून देणं माझ्या गळ्यात. विद्याधर सर म्हणाले, "अठ्ठावीसला गिऱ्हाईकाच्या बिल्डिंगमध्ये डेमो. त्याआधी आकडा शून्य पाहिजे." तीसला माझं प्रोबेशन संपतं. घरात कमावणारी मी एकटी.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चारशे दहा तक्रारी एकट्या दरवाजाच्या फाइलमधल्या. ती सरांनी स्वतः लिहिलेली. धीर करून सांगितलं. "मी असला कोड लिहीत होतो तेव्हा तू फ्रॉक घालून शाळेत जायचीस. चेकर नीट सेट कर."

केला. एक ओळ घातली – या फाइलकडे बघायचंच नाही. एका झटक्यात सातशे बत्तीस! सर खूश. "बघ, जमलं ना?" साहेबाच्या चुका काढायला आपण माणूस ठेवत नाही, मग मशीन कसं ठेवणार?

गुरुवार, २० नोव्हेंबर

तीनशे पाच. काही खऱ्या चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. शेजारच्या टेबलावरचा चंद्रप्रकाश म्हणतो, "यार, सगळंच बंद कर ना, झकास शून्य येईल." नाही केलं. तशी एक ओळ घातली तेवढी पुरे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शून्य! सरांनी सगळ्यांना बटाटेवडे मागवले.

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिंटआउट घरी आणला, मिरवायला. बाबा गिरणीत फोल्डिंग खात्यात होते – विणलेल्या कापडाचं थान टेबलावरून ओढत न्यायचं, डाग दिसला की खडूची खूण. संपात नोकरी गेली. तेव्हापासून पेपरातल्या टेंडर नोटिसासुद्धा वाचून काढतात. घड्याघड्यांचा तो लांबलचक कागद बघून उठलेच. आईच्या शिवणाच्या डब्यातला खडू घेतला आणि कागद टेबलावरून ओढायला लागले. कितीतरी वर्षांनी त्यांचे हात तसे चाललेले बघितले. बरं वाटलं.

शेवटच्या पानावर यादी होती, आठवडाभरात कुठल्या फाइलीत किती तक्रारी निघाल्या त्याची. बटणं दोनशे चौदा, मोटर तीनशे एकाहत्तर, दिवे एकशे सत्तेचाळीस. दरवाजा शून्य. बाबांनी दरवाजावर फुली मारली.

"एक पण डाग नाय? मगे तपासणारो निजलेलो आसतलो, नायतर इणणारो तेचो मेवणो आसतलो."

"बाबा, तपासणारी मी आहे."

"मगे तुका निज लागलेली काय?"

तेवढ्यात नाहूरहून लवूमामा आला. आईचा भाऊ, तोही त्याच गिरणीतला. बाबांनी खडू ठेवला आणि फेरी मारायला निघून गेले. मामा आला की जातातच.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ती ओळ काढली. चारशे दहा परत हजर. चारशे नऊ किरकोळ. एक मात्र नाही. दरवाजा विचारतो – लिफ्ट उभी आहे ना? उत्तर येतं, हो. तो उघडायला निघतो आणि नेमकी त्याच क्षणी मोटर सुरू होऊ शकते. म्हणजे धावत्या लिफ्टचं दार उघडं. डेमोला गिऱ्हाईकाच्या घरची पोरंबाळंही येणार आहेत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दोनदा सरांच्या दारापर्यंत गेले. दोनदा पाणी पिऊन परत आले. घाबरट आहे मी.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सांगितलं! सर म्हणाले, "असं दहा हजारांत एकदा होईल."

"सर, लिफ्ट दिवसाला सहाशे फेऱ्या मारते."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. सतराव्या दिवसाशी पोचले असावेत, कारण बोटं थांबली. मग मी पुढे ठेवलेल्या प्रिंटआउटकडे बघून म्हणाले, "आणि हा खडू कोणी लावला?"

"वडिलांनी. गिरणीत कापड तपासायचे."

सरांनी केबिनचं दार लावून घेतलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

डेमो पार पडला. दरवाजा सरांनी दोन दिवस खपून स्वतः नीट केला. लिफ्ट थांबल्याशिवाय तो एकदाही उघडला नाही. भाषणात म्हणाले, "माझ्या नजरेतून काही सुटत नाही." मी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मला पत्र – प्रोबेशन तीन महिने वाढवलं. कारण: चेकर चुकीचा सेट केला. आता हे खोटं आहे असंही म्हणता येत नाही! बसस्टॉपवर रडले, मग हसू आलं.

घरी सांगितलं. बाबा चपला घालून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले.

"बाबा, असल्या पत्रावर पेढे?"

"खडू लावलंस मां? मगे खा."

रविवार, ३० नोव्हेंबर

आईला विचारलं, बाबा मामाला का टाळतात. तांदूळ निवडता निवडता बोलली. मामाच्या मागावरचं डागी थान बाबांनी खडू न लावता सोडलं होतं. पकडलं गेलं. संप जानेवारीत सुरू झाला. बाबांना त्याआधीच्या डिसेंबरातच घरी पाठवलं होतं.