तळ्याकाठच्या सात दिवसांचं टाइमटेबल

४ एप्रिल, सकाळी ७.१०
ठरलं. हॉलिडे क्लबची मेंबरशिप विकून टाकायची. अकरा वर्षांपूर्वी एका हॉटेलात कार्यक्रमाला बोलावलं होतं, येणाऱ्याला मिक्सर फुकट. मी मिक्सर घेऊन आलो आणि बरोबर मेंबरशिपही. मिक्सर सहा महिन्यांत जळाला. मेंबरशिप मात्र ठणठणीत आहे, कारण एकदाही वापरलेली नाही. जाहिरातीत हेच लिहायचं: नवीकोरी.

अडचण एकच. १८ ते २५ एप्रिल बुकिंग आहे. तळ्याकाठची कॉटेज. ही गेल्या महिन्यात हॉस्पिटलातून रिटायर झाली. चौतीस वर्षं नर्स. तिचं मागणं एवढंच, की सात दिवस पाण्याकडे तोंड करून बसायचं आणि कुणी हाक मारायची नाही. मी शब्द दिला आहे. विक्रीही होईल, सुट्टीही होईल. मला व्यवहार कळतो.

५ एप्रिल
क्लबला फोन. तिथली मुलगी म्हणाली, मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर गेली की जुन्या मेंबरचं बुकिंग आपोआप रद्द. मी म्हटलं, नियम माणसांसाठी असतात. ती म्हणाली, हा मेंबरांसाठी आहे. उद्धट.
तोडगा दोन मिनिटांत काढला. सौदा आत्ता, नाव बदलणं २६ तारखेला. हिला मध्ये घालण्याचं कारण नाही.

८ एप्रिल
तीन गिऱ्हाइकं! दातांचे डॉक्टर, ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाई, आणि चष्म्याचे दुकानदार. तिघांचा एकच प्रश्न: एवढं छान आहे तर अकरा वर्षं गेला का नाहीत? म्हटलं, वेळ. तिघांचं दुसरं म्हणणंही एकच: आधी जागा बघू.
रास्त आहे. दाखवू.

९ एप्रिल, दुपारी, ऑफिसात
फायली लावता लावता डोक्यात लखकन प्रकाश पडला. आमचं बुकिंग आहेच, तर गिऱ्हाइकांना तिथंच बोलवावं! टाइमटेबल केलं. १८ ते २० डॉक्टर. २० ते २२ बाई आणि त्यांचे मिस्टर. २२ ते २४ चष्मेवाले जोडप्यानं. २४ च्या संध्याकाळपासून २५ ला सकाळी दहापर्यंत फक्त आम्ही दोघं. दहाला खोली सोडायची असते.
साहेबांनी विचारलं, हसताय कशाला. सांगितलं नाही. कल्पना चोरतील.

१६ एप्रिल
हिला सांगितलं, अधूनमधून कुणी डोकावेल. किती जण, असं तिनं विचारलं. म्हटलं, मोजण्याइतके नाहीत. ती उठून बॅग भरायला लागली. समजूतदार आहे. बॅगेत दोन जाड कादंबऱ्या भरल्या आहेत.

१८ एप्रिल
पोहोचलो. तळं अप्रतिम! व्हरांड्यात एकच आरामखुर्ची. तिच्यात डॉक्टर. आमच्याआधी तासभर आले होते.
ही पायरीवर बसून वाचत होती. पायरीवरूनही तळं तेवढंच दिसतं.

१९ एप्रिल
डॉक्टर खूश. म्हटलं, अजून काय काय आहे ते बघा, घरचीच नर्स आहे. त्यांनी लगेच बाही वर केली. हिनं बीपी बघितलं. असली सोय क्लब देत नाही, मी देतो. भाव वाढवायला हरकत नाही.

२० एप्रिल
बाई आल्या. मिस्टर आले. त्यांच्या सासूबाईही आल्या, दुखऱ्या गुडघ्यासह. डॉक्टर मात्र गेले नाहीत. त्यांची आणि मिस्टरांची पत्त्यांत जोडी जमली. अर्धवट डावातून माणूस उठवता येत नाही.
बेडरूम सासूबाईंना आणि हिला. मी जेवणाच्या टेबलाखाली. पाठीला फार चांगलं म्हणतात.

२२ एप्रिल
चष्मेवाले आले, गेलं कुणीच नाही. आम्ही धरून आठ. मला तर घरात लग्न असल्यासारखं वाटतंय! सकाळी सातला व्हरांड्यात बीपीची रांग. सासूबाई आतून, चष्मेवाल्यांच्या मिसेस बाहेरून, सगळे सिस्टर, सिस्टर करतात. हिच्याबद्दल किती आदर आहे लोकांना! तिला बरं वाटत असणार.
कादंबरीत खूण पान नऊवर आहे.

२३ एप्रिल, संध्याकाळी ५
ही सकाळी जरा फिरून येते म्हणून गेली, अजून आली नाही. बॅग घेऊन गेली आहे. स्वेटर वगैरे लागतो बायकांना.

२३ एप्रिल, ६.३०
चष्मेवाल्यांकडे दुर्बीण आहे. समोरच्या काठावर एक छोटं लॉज आहे. त्याच्या गच्चीत पाण्याकडे तोंड करून एक बाई वाचत बसली आहे. मी हात केला. दुर्बिणीशिवाय तिला मी दिसणार कसा?

२४ एप्रिल
सौद्याची बैठक. तिघं एका बाजूला, मी एका बाजूला. डॉक्टरांनी सगळ्यांच्या वतीनं भाषण केलं. म्हणाले, एवढी मजा आयुष्यात आली नव्हती, पण विकत कशाला घ्यायचं? पुढच्या वर्षी याच तारखांना सगळे तुमच्याकडेच येऊ. उशा आपापल्या आणू. सिस्टर मात्र हव्यात.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर टेबलाखाली पडल्यावर लाज वाटली. चौतीस वर्षांनंतर एक गोष्ट मागितली होती तिनं, आणि मी तिची ओपीडी उघडून दिली.

२५ एप्रिल, सकाळी ११
सगळ्यांना निरोप देऊन लॉजवर गेलो. ही गच्चीतच होती. मागं न बघता म्हणाली, खोली एकटीची आहे, तीस तारखेपर्यंत घेतली आहे, पैसे भरले आहेत आणि तुमची बस साडेअकराची आहे. मी म्हटलं, सौदा जवळजवळ झाल्यातच जमा आहे. तिनं पान उलटलं. पान दोनशे चौदा.
खरं सांगायचं तर इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. बरं वाटलं. वाईटही वाटलं.

२५ एप्रिल, दुपारी ४
घरी आलो. दाराला कुलूप. किल्ली हिच्या पर्समध्ये.
फोन काढला, नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला. फोन करणं म्हणजे हाक मारणंच झालं.
जिन्याच्या पायरीवर बसून लिहितो आहे. आज पंचवीस.