तटातल्या दाराला कुलूप

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या गरम पाण्याच्या पिशवीवर टेकलेलं आहे, तेव्हा सप्तांगच समज.) तुझे गुडघे कुरकुरत नसतील आणि भावजींना आता निदान तुझं तरी ऐकू येत असेल, अशी आशा आहे. ऐकू येऊनही येत नसल्यासारखं करत असतील, तर तो आजार नव्हे, अनुभव आहे.

तुझ्या चिंगीला आमच्या कॉलेजात घालावं की त्या नव्या, हिरवळवाल्या कॉलेजात, असं तू विचारलंस आणि ‘खरं खरं सांग’ याखाली दोन रेघा ओढल्यास. खरं सांगतो. माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. माझी एकुलती एक बरी पँट गेली.

आमचं कॉलेज जुन्या गावकोटाला पाठ लावून बसलंय. (तू इथे यायची राहिलीस, म्हणून सांगतो.) त्या तटात मागे एक बुटकं दार आहे. वाकून बाहेर पडलं की थेट तांब्यापितळेच्या दुकानांची गल्ली. कॉलेज नव्हतं तेव्हापासून गाव या दारातून ये-जा करतं, आणि मध्ये कॉलेज उभं राहिलं ही गोष्ट गावाने अजून मनावर घेतलेली नाही. मी इतिहास शिकवत असताना खिडकीखालून हंडे जातात, शेळ्या जातात, न्हावी जातो. न्हावी नुसता जात नाही, थांबतो. मी एका वेढ्याचं वर्णन अगदी रंगात आणलं होतं, तोफांना बत्ती द्यायची तेवढी बाकी होती, तर हा खिडकीतून म्हणतो, “सर, पुढचं जरा लवकर घ्या. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

झालं. दार बंद करा, असा अर्ज मी प्रिन्सिपॉलसाहेबांना लिहिला. तो इतका झणझणीत उतरला की सगळ्या प्राध्यापकांनी सह्या ठोकल्या. संध्याकाळी साहेबांनी स्वतः आतून कुलूप घातलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या फाटकातून निघून अख्ख्या कोटाला वळसा घालत, धापा टाकत घरी पोचलो. कारण ताई, आम्ही सगळे राहतो त्या दाराच्या पलीकडे! सह्या करताना हे एकाही विद्वानाला आठवलं नाही. रोज ज्या दारातून वाकून जायचं, ते कुणी बघतच नाही. प्रत्येकाची नजर आपापल्या पायांवर.

दुसऱ्या सकाळी सवयीने सगळे पुन्हा दाराशी हजर. मी, घंटेचा शिपाई, निम्मं कॉलेज आणि न्हावी. कुलूप आत, आम्ही बाहेर. या दाराने भल्याभल्या फौजांना दाद दिली नाही, असं मी वर्गात सांगत आलो. ते खरं असावं. पहिल्या तासाला माझीच चाचणी होती, त्यामुळे पोरं आनंदाने वळसा घालायला निघाली. मला चेव आला. रंगाऱ्याची शिडी तटाला टेकलेली होती. अभ्यास झालेली एकच मुलगी होती, ती खारीसारखी सरसर वर गेली. मागोमाग मी.

वर पोचलो, एक पाय पलीकडे टाकला, आणि पँट कशात तरी अडकली. पुढे जाववेना, मागे येववेना. खाली गल्ली जमली. “मास्तरांना धरा गं, सांडतील!” ही हंडेवाली मावशी. “फाटू द्या सर, शिवायला मी आहे,” हा शिंपी. आणि न्हावी, तो तर जन्मभर याच क्षणाची वाट बघत होता: “सर, पुढचं जरा लवकर घ्या!”

एवढ्यात साहेब आले (तेही याच गल्लीतले), त्यांनी वर बघितलं आणि खिशातली किल्ली तेवढी वर फेकली. मुलीने ती झेलली, आत उडी मारली, दार उघडलं. हंडे, शेळ्या, शिपाई, साहेब, सगळे माझ्याखालून आत गेले. मला विसरले. रंगारी शिडी न्यायला आला, तेव्हा माझी सुटका झाली, पँटची नाही. दार त्या दिवसापासून सताड उघडं आहे.

तेव्हा चिंगीला हिरवळीवरच पाठव. तिथे शांतता आहे. तिथून कुणी जात नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं भावजींना मोठ्याने वाचून दाखव, त्यांना हसू दे. हे तू एकटी वाच. गल्लीकडची खोली मी रिकामी केलीय, रंगही काढून घेतला. (रंगारी तोच. पँटवरून अजून हसतो.) चिंगीला इकडेच धाड. ती तटावर चढणारी मुलगी बघून मला आपल्या परसातल्या पेरूवर चढणारी तू आठवलीस.

आणखी एक. खोलीत पलंग दोन आहेत. इथे प्रवेश आधी तुला मिळाला होता. आई अंथरुणाला खिळली, तू घर धरलंस, आणि म्हणून मी शिकलो. तूही हे कधी काढलं नाहीस, मीही नाही. चिंगीला सोडायला ये आणि महिनाभर राहा. सकाळी माझ्या वर्गात खिडकीजवळचा बाक तुझा. न्हाव्याला बजावलं, “माझी ताई बसणार आहे. खिडकीत थांबून मध्येच काही बोलायचं नाही.”

तो म्हणाला, “ताई येणार? मग सर, सावकाश घ्या.”