तळटिपेतला मामा

४ ऑगस्ट

चि. टिटवीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

शाळेचे बाक, दवाखान्यातली स्टुलं नि खुर्च्या, न्हाव्याची डोकं मागे टेकायची खुर्ची, तुझ्या आईचं कपाट, तुझा पाळणा, आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल: एवढं सगळं मी या दोन हातांनी केलं आणि कुणाकडे शिकायला गेलो नाही. तेव्हा कॉलेजात खुर्चीवर निबंध आहे म्हणून तू मला विचारलंस, ते योग्य माणसाला विचारलंस. फोनवर सांगणार नाही. फोनवर माणूस अर्धंच ऐकतो.

तर लिहून घे. माणूस खुर्चीत पुढे बसतो, पण विसावतो मागे. म्हणून खुर्चीची पहिली कुरकुर नेहमी मागच्या पायांच्या जोडातूनच येते. हे वाक्य रंधा मारता मारता मनात घासून गुळगुळीत केलंय, जपून वापर. बाकी तपशील पाठीमागच्या पानावर.

मामी म्हणते, तू फोटोत वाळलेली दिसतेस. मी म्हटलं, बडबड कमी झालेली नाही तोवर काळजी नको.

लोभ आहेच, तो ढिला पडू देऊ नये.
तुझा मामा

१४ ऑगस्ट

ती. मामांना, शि. सा. न.

निबंध परत आला. बाईंनी समासात लाल शाईने लिहिलंय की पहिल्या पानावर कॉलेजातली मुलगी बोलते, दुसऱ्यावर कुणी पन्नाशीचे तोऱ्यातले गृहस्थ, आणि तिसऱ्यावर एखादा ज्ञानकोश. हे तिघं एका निबंधात काय करतायत?

तिसरं पान इंटरनेटवरून उचललेलं होतं, ते मी मुकाट्याने कबूल केलं. दुसऱ्याबद्दल मात्र भांडले. म्हटलं, ते माझे सख्खे मामा, घरचंच माणूस, त्यात उचलेगिरी कसली? बाई हसल्या. म्हणाल्या, मामाच्या घरी हक्काने जेव, पण मामाचं वाक्य स्वतःचं म्हणून वाढू नकोस. वर असंही म्हणाल्या की तिघांत सगळ्यात कंटाळवाणी ती मुलगीच होती, कारण तिला स्वतःचं काही म्हणायचंच नव्हतं. ते जास्त लागलं.

अठ्ठावीस तारखेपर्यंत नव्याने लिहून द्यायचाय. नाहीतर शून्य, आणि शून्य म्हणजे हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. आईला एवढ्यात सांगू नका.

मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ ठेवून रागवा.
तुमची टिटवी

१८ ऑगस्ट

चि. टिटवीस, आशीर्वाद, आणि बाईंनाही कळव.

‘तोऱ्यातले गृहस्थ’ हे मी मामीला दोनदा वाचून दाखवलं. एका पानावरून माणूस ओळखला, म्हणजे बाईंना नजर आहे. पण वाक्य माझं, आणि मालकाची तक्रार नाही, तर मध्ये बाईंचं काय जातं? सोबत लेखी परवानगी जोडली आहे.

शिवाय धोका नको म्हणून अख्खा निबंध मीच लिहून काढला. आठ पानं, एकही खाडाखोड नाही. खाली फक्त तुझी सही कर. कॉलेजात न जाता मी असा लिहितो, गेलो असतो तर काय झालं असतं, असं मामीला विचारलं. ती म्हणाली, खुर्च्या कमी झाल्या असत्या. तिचं सोड.

पोचल्याचं कळव, म्हणजे लोभाला झोप लागेल.
तुझा मामा

२७ ऑगस्ट

ती. मामांना, दोन्ही हात जोडून शि. सा. न.

तुमचा निबंध परत पाठवते आहे, घडीही न मोडता. म्हणजे वाचला, पण वापरला नाही. सुंदर आहे. म्हणूनच बाईंनी पहिल्या ओळीत ओळखला असता. आणि मामा, तुम्ही केलेल्या स्टुलाखाली त्या फर्निचरवाल्याने स्वतःच्या नावाची पट्टी ठोकली, तेव्हा तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हतात. मग मला सही कशी करायला सांगता?

मी काय केलं ते सांगते. कॉलेजच्या वाचनालयातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या करून जोड हलवून पाहिले. ग्रंथपालांना वाटलं मी च्युइंगम शोधते आहे. पण मामा, मागचे जोड पक्के आहेत. ढिले झालेत ते पुढचे! मग दिवसभर वाचणाऱ्यांकडे बघत बसले. ते मागे टेकतच नाहीत. वहीवर झुकतात आणि दोन्ही पाय पुढच्या आडव्या दांड्यावर रोवतात.

तेव्हा मी तुमचं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं, तळटिपेत तुम्ही कोण आणि पत्राची तारीख लिहिली, आणि त्याखाली लिहिलं की वाचनालयात मला याच्या उलट दिसलं, कारण वाचणारा माणूस विसावत नाही. ते वाक्य माझं आहे, मामा. तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, बाईंपेक्षा तुमच्या भीतीने.

आज निबंध दिला. आता शून्य आलं तरी ते माझंच असेल. बोलणं बंद करू नका, लोभ तर नाहीच नाही.
तुमची टिटवी

१२ सप्टेंबर

चि. टिटवीस, आशीर्वाद. हे पत्र उशिराने, कारण आधी मी रागावलेलो होतो.

ज्याचं नाव तळटिपेत मानाने घालायचं, त्यालाच पुढच्या ओळीत खोटं पाडायचं, ही कुठली रीत? तिरीमिरीत उठलो, समोरच्या शिंप्याकडे गेलो आणि त्याच्या कारागिरांना उठवून चारही खुर्च्या उलट्या केल्या. शिंपी म्हणाला, मापं घ्यायला आलात की जप्ती आणायला? चारही पुढून ढिल्या. शिवणारेही झुकतात. माझी गिऱ्हाइकं आजवर न्हाव्याकडची आणि दवाखान्यातली, रेलून बसणारी. म्हणून ‘नेहमी’ हा शब्द मी मागे घेतो. बाकी वाक्य आहे तिथेच राहील.

तू पास झालीस आणि आता या निबंधात एकच माणूस बोलतोय असं बाईंनी लिहिलं, हे तुझ्या आईने कळवलं, तळटिपेचं पानही पाठवलं. आता सांगितलंस ना तिला सगळं? पुढच्या खुर्चीला पुढचा दांडा मी जाड घालणार आहे. तो तुझा. कुणी विचारलं तर तसं सांगेन.

लोभ वाढला आहे, जागा करून ठेव.
तुझा मामा

ता. क. तुझ्या तळटिपेची प्रत काढायला, फ्रेम करायची आहे म्हणून, कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याकडे गेलो. माझी आठ पानंही सोबत होती. त्याने ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, काका, असे दहा निबंध लिहून द्या, नाव कुणाचंच नको, कॉलेजची पोरं स्वतःचं घालतील. मी नाही म्हणालो. मामीला वाटतं, मी नुसताच फुशारक्या मारतोय, म्हणून नाकारलेला आकडा लेखी देतो: एका निबंधाचे आठशे, दहाचे आठ हजार, रोख.