मालक म्हणजे माझा नवरा नव्हे

गोपनीय. आवक खिडकीवर उघडू नये.

प्रति,
मा. पोलीस आयुक्त साहेब,
पोलीस आयुक्त कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : माझ्या जबाबातील 'मालक' या शब्दाचा अर्थ 'पती' असा लावल्यामुळं खरा आरोपी मोकळा राहिल्याबाबत.

संदर्भ : आमच्या वस्तीच्या पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंद. (ठाण्याचं नाव व नोंदीचा क्रमांक आतल्या बंद चिठ्ठीत आहे. इथं वर लिहिला असता तर अर्ज आपल्या टेबलावर येण्याआधीच तिकडं फोन गेला असता, अशी मला शंका आहे.)

महोदय,

मी, सौ. दमयंती बन्सी फरकाडे, वय २३, मूळ राहणार सोयगाव तालुका, सध्या जळगाव रोडकडील वस्तीत भाड्याच्या खोलीत राहते. पती कंपनीत शिफ्टला जातात. मला एक तान्ही मुलगी आहे. ती झोपते तेवढ्याच वेळात हा अर्ज थोडा थोडा करून लिहिला आहे. मध्ये काही अक्षरं वाकडी गेली आहेत, ती तिनं पेन ओढल्यामुळं. त्यावरून 'अर्जदार गोंधळलेली आहे' असा कोणी शेरा मारू नये, ही पहिली विनंती.

१. आमच्या घरमालकाचं नाव कारभारी सांडू जंजाळ. कारभारी हे त्याचं आई-बापानं ठेवलेलं नाव आहे. हे आधीच सांगते, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला. आजवर मी त्यांना अहो-जाहो करत आले. या अर्जात करणार नाही.

२. नळाला पाणी आलं त्या दिवशी दुपारी गल्लीत सगळ्यांच्या मोटारी चालू होत्या. पती कामावर होते. मुलगी झोळीत होती. 'तुमच्या मोरीतला पाइप गळतो का बघतो' असं म्हणून जंजाळ आत आला. त्यानं आतून कडी लावली, माझं तोंड दाबलं आणि माझ्यावर बलात्कार केला. मोटारींच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही. मुलगी जागी झाली नाही, यासाठी मी अजून देवाचे आभार मानते.

हा शब्द मी आज लिहू शकते. त्या दिवशी ठाण्यात तो माझ्या तोंडून निघाला नाही.

३. त्याच दिवशी मुलीला कडेवर घेऊन मी ठाण्यात गेले. महिला पोलीस बंदोबस्ताला गेल्याचं सांगण्यात आलं. हवालदार साहेबांनी दार उघडंच ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत विचारलं,

"काय झालं?"

"मला धरलं. लई वंगाळ केलं."

"कोणी?"

"कारभाऱ्यांनी."

"म्हणजे मालकांनी?"

"व्हय, मालकांनीच."

एवढ्या बोलण्यात माझा नवरा आरोपी झाला. आमच्याकडं बाया नवऱ्याला कारभारी म्हणतात, मालकही म्हणतात. मीसुद्धा आईशी फोनवर बोलताना 'आमचे मालक' असंच म्हणते, हे मला नाकारायचं नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं एकच कारभारी होता.

हवालदार साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अगं, मग त्यात काय? नवरा-बायकोत असला गुन्हा बसत नाही. हात उगारला असंल तर तेवढं लिहितो." मुलगी किंचाळत होती. मला 'लिहितो' एवढंच कळलं. मी सही केली. कागद मला वाचून दाखवला नाही.

४. दुसऱ्या दिवशी पतींना कंपनीच्या गेटवरून ठाण्यात बोलावून आणलं, मलाही बोलावलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांना रात्री सांगितलं नव्हतं. त्यांच्या जिवाला काय वाटेल, या भीतीनं. हवालदार साहेबांनी विचारलं, "बायकोवर हात टाकतो काय रे?" माझा नवरा गरीब स्वभावाचा आहे. वर्दीपुढं उभं राहिलं की आधी "चुकलं साहेब" म्हणायचं, एवढंच त्याला माहीत आहे. तो तेच म्हणाला. तोच कबुलीजबाब धरला गेला.

मी पुढं होऊन म्हणाले, "यांनी नाय केलं साहेब, यांनी काही केलं नाय." त्यावर सगळे हसले. साहेब म्हणाले, "आली बघा दया. काल तक्रार अन् आज नवऱ्याला वाचवायचं." मी जेवढं नाही म्हणत गेले, तेवढं त्यांना ते खरं वाटत गेलं.

५. महोदय, आता पुढचं वाचून आपण अर्ज बाजूला ठेवाल अशी भीती वाटते, पण ते झालं तसंच लिहिणं भाग आहे. पतींकडून हमीपत्र लिहून घेतलं, की पत्नीस त्रास देणार नाही. त्यावर वस्तीतल्या एका प्रतिष्ठित माणसाची जामीन म्हणून सही हवी होती. सही कारभारी सांडू जंजाळ यानं केली. त्याला कोणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा तो बाकड्यावर बसून चहा पीत होता. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "पोरगं चांगलं आहे साहेब. मी ध्यान ठेवीन दोघांवर." त्याच्या देखत त्याचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही.

६. हवालदार साहेबांची चूक खरंच ऐकण्यातली असेल, असं मी एक दिवस मानते आणि दुसऱ्या दिवशी मानत नाही. ते बोलीवरून आमच्याच भागातले वाटतात. आणि जंजाळला दुसरा चहा देताना ते त्याला "घ्या कारभारीदादा" असं म्हणाले, ते मी कानांनी ऐकलं. म्हणजे कारभारी हे माणसाचं नाव असतं आणि तो माणूस कोण, हे दोन्ही त्यांना माहीत होतं. याची चौकशी आपण करावी. माझी शंका खोटी निघाली तर मला बरंच वाटेल.

७. घरी आल्यावर पतींनी स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. मग खाली बघत विचारलं, "मी कधी गं तुला धरलं?" तेव्हा मी सगळं सांगितलं. ते लई वेळ मुलीच्या पायाची बोटं धरून बसले. मग म्हणाले, "मी तर चुकलं म्हणून आलो गं." ते उठून जंजाळकडं निघाले होते. मीच दारात आडवी झाले. त्यांनी हात उचलला असता तर हमीपत्र खरं ठरलं असतं.

८. हमीपत्राच्या जोरावर जंजाळ आता रोज आमच्या दारात उभा राहतो. "बन्सीनं काही केलं तर सांगायचं हं, पोलिसांनी माझ्यावर सोपवलंय," असं मोठ्यानं म्हणतो, गल्लीला ऐकू जाईल असं. खोली सोडतो म्हटलं तर म्हणतो, "जामीनदाराला न विचारता गेलात तर बन्सीला उचलून आणतील." असा कायदा आहे काय, हे कृपया लेखी कळवावं. शेजारच्या आवडाबाईंना विश्वासानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आधी नवऱ्यावर, आता घरमालकावर? उद्या आमच्या म्हाताऱ्यावर घालशील, पोरी." तेव्हापासून मी कडी तर लावतेच, शिवाय दाराला पेटी सरकवून ठेवते. कोणी मुलीला घ्यायला हात पुढं केला तरी मला आधी तो हात दिसतो, माणूस नंतर.

९. स्वतःवरही मी संशय घेतला. त्याला कधीतरी चहा दिला होता, हसून बोलले होते, त्या दिवशी ओरडता आलं नाही. पतींना सांगितल्यानंतर मी सरकारी दवाखान्यात गेले; तिथल्या डॉक्टर भानुमतीबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की चहा देणं म्हणजे होकार नव्हे, आणि भीतीनं अंग गोठलं तर तोही होकार नव्हे. तपासणीसाठी आधी पोलिसांची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, हेही मला तिथंच कळलं. त्यांनी जखमांची नोंद केली, औषधं दिली. मी न धुता ठेवलेली साडी प्लॅस्टिकमधून काढून कागदात सीलबंद केली. हे मला त्या पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं, तर मी आधी तिकडंच गेले असते.

नियमाप्रमाणे दवाखान्यानं कागद पाठवला, तो गेला त्याच ठाण्यात. तिथून उत्तर आलं : 'पती-पत्नीचा वाद आपसात मिटला आहे.'

तरी विनंती, की माझा जबाब नव्यानं, महिला अधिकाऱ्यांनी, दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या खोलीत, दार लावून घ्यावा. तो मला वाचून दाखवावा आणि प्रत द्यावी. माझ्या नवऱ्याचं नाव आरोपी म्हणून कुठंही राहू नये. जंजाळची आमच्यावरची राखण आजच काढावी. साडी नेण्यासाठी त्या ठाण्याचा माणूस पाठवू नये.

या अर्जाचं उत्तर घरी पाठवू नये. आमचं टपाल जंजाळ घेतो. मी अर्ज देऊन परत जाणार नाही. आपल्याच आवारात, झाडाखाली, मुलीला घेऊन बसले आहे. शिपायानं बाहेर येऊन 'फरकाडे' अशी हाक मारू नये. ठाण्यात ती हाक ऐकून माझा नवरा पुढं आला होता आणि आरोपी म्हणून उभा राहिला. नुसतं 'दमयंती' म्हणावं. मी उठून येईन.

आपल्या उत्तराची आवारातच वाट पाहणारी अर्जदार,

(सही)
दमयंती बन्सी फरकाडे
दि. १६ जुलै २०२४

सोबत : १) हमीपत्राची प्रत, पतींनी मोबाइलमध्ये काढलेल्या फोटोवरून. २) दवाखान्यातील तपासणीच्या कागदाची प्रत. ३) ठाण्याचं नाव असलेली बंद चिठ्ठी, ती कृपया आपण स्वतः फोडावी.